‘मग फादर कधी होणार?’ : पाचारण शिबिरं भरवणाऱ्यांना खुलं पत्र

वसईतल्या पाचारण शिबिरांचे संचालक, धर्मग्रामांचे प्रमुख धर्मगुरू, आणि पोराला शिबिराला धाडताना त्याच्या बॅगेत सुकेळ्यांची पुडी सरकवणारे आईबाबा,

जय ख्रिस्त.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात, पण नावाने नाही. पाचारण शिबिराच्या, म्हणजे देवाच्या कामासाठी आयुष्य द्यायचं का हे मुलांना विचारणाऱ्या शिबिराच्या, आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये येऊन वायरी ओढणारा, माइकमधून शिट्टी वाजली की धावत येणारा, तो मी. वय सत्तावीस. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि वसई पूर्वेला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बाबांची केळीची वाडी आहे, म्हणजे तिच्यातली जेवढी उरली आहे तेवढी. गेली दोन वर्षं मी व्रतस्थांच्या एका संघाच्या ब्रदरांकडे, म्हणजे व्रतं घेतलेल्या पण फादर नसलेल्या एका माणसाकडे, महिन्यातून एकदा जातो. मला ब्रदर व्हायचंय का, की नुसतं तसं वाटतंय, ते आम्ही दोघं मिळून तपासतोय. अजून ठरलेलं नाही. ठरल्यावर लिहिलं असतं तर पत्र जास्त शोभलं असतं, पण ठरल्यावर माणूस आपलं सगळं बरोबरच होतं असं सांगायला लागतो. म्हणून आत्ताच लिहितोय.

अकरा वर्षांपूर्वी, दहावीच्या सुट्टीत, मीही तुमच्या शिबिराला बसलो होतो. तिसऱ्या दिवशी एक अर्ज दिला होता. नाव, धर्मग्राम, आईवडिलांचा व्यवसाय, टक्के. खाली दोन चौकोन होते : धर्मप्रांतीय धर्मगुरू आणि मिशनरी धर्मगुरू. मी दोन्ही चौकोन कोरे ठेवले आणि त्यांच्या खाली पेनाने लिहिलं, ‘ब्रदर’. संध्याकाळी मला बोलावणं आलं. ते फादर प्रेमळ होते, हे आधी सांगतो, नाहीतर वाचणाऱ्यांचा उगाच गैरसमज व्हायचा. अर्ज बघून म्हणाले, “अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत की तुला! मग ब्रदर का?”

मी सोळा वर्षांचा होतो. उत्तर सुचलं नाही. आपण काहीतरी कमी मागितलं आणि पकडले गेलो, असं वाटलं. दुकानात जाऊन तुकडा तांदूळ मागावा आणि दुकानदाराने ‘अरे, तुम्हाला कोलम परवडतो की’ म्हणावं, तसं. मी मान हलवली, अर्ज परत घेतला, आणि पुढची आठ वर्षं हा विषय काढला नाही.

त्या फादरांवर माझा राग नाही. राग आहे तो त्या एका प्रश्नाच्या एकेरीपणावर. आमच्या गटात त्या वर्षी एकवीस मुलं होती. बाकीच्या वीस जणांनी एक ना एक चौकोन भरला. त्यांच्यापैकी एकालाही कुणी विचारलं नाही, “फादर का? ब्रदर का नाही?” मला विचारलं ते चूक नव्हतं. त्यांना विचारलं नाही ते चूक होतं. या पत्रात मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याच्याच आजूबाजूचं आहे, पण आलात तर पाच मिनिटं बसा.

आधी शब्दाचा घोळ. आपल्याकडे ‘ब्रदर’ हा शब्द तीन ठिकाणी ऐकू येतो. सेमिनरीत फादर व्हायला शिकणारी मुलं सुट्टीत गावात येतात, पांढरा झगा घालून वेदीवर वाचन करतात, त्यांना आपण ब्रदर म्हणतो. काही वर्षांनी त्यांना गुरुदीक्षा मिळते आणि तेच फादर होतात. सरकारी इस्पितळात रात्रपाळीला सलाईन बदलणारा पुरुष नर्स, तोही ब्रदर. आणि ज्याने आयुष्यभरासाठी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतली आहेत, जो कधीच फादर होणार नाही आणि ज्याला व्हायचंही नाही, तोही ब्रदर. आता गावातल्या माणसाने काय समजायचं? पहिला अर्थ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे तिसरा ब्रदर दिसला की लोकांना वाटतं, गाडी मधल्याच स्टेशनात थांबली. “कितवं वर्ष? मग फादर कधी होणार?” साठी ओलांडलेल्या ब्रदरांना हा प्रश्न विचारलेला मी ऐकलाय. ते हसून म्हणाले, “माझं झालंय हो सगळं.” विचारणाऱ्या बाईंचा चेहरा असा झाला, की बिचारे नापास झाले असावेत.

गंमत म्हणजे चर्चच्या कागदावर हा घोळ नाही. धर्मकायद्यात स्पष्ट लिहिलंय की व्रतस्थ जीवन हे मुळात धर्मगुरूंचंही नाही आणि प्रापंचिकांचंही नाही, ती तिसरीच गोष्ट आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली सांगितलं की गुरुदीक्षा न घेता जगलेलं व्रतस्थ जीवन स्वतःत पूर्ण आहे. २०१५ मध्ये व्हॅटिकनने ब्रदरांच्या ओळखीवर आणि कार्यावर एक स्वतंत्र दस्तऐवजच काढला. २०२२ च्या मे महिन्यात पोप फ्रान्सिस यांनी आणखी एक दार उघडलं : ज्या संघांत फादर आणि ब्रदर दोघं असतात, तिथे व्हॅटिकनच्या परवानगीने ब्रदरही वरिष्ठ होऊ शकतो, म्हणजे फादर लोकांचा प्रमुख ब्रदर. वर एवढं झालं आणि खाली आमच्या अर्जात चौकोन दोनच.

आणि हे सगळं वसईत व्हावं, याचं मला जास्त नवल वाटतं. कारण आपला संत कोण? गोन्सालो गार्सिया. गासच्या चर्चला त्याचं नाव, कॉलेजला त्याचं नाव, घरटी एक गोन्साल्वीस किंवा गार्सिया. भारतात जन्मलेला पहिला संत म्हणून आपण पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगतो. तो कोण होता हे मात्र सांगायचं राहून जातं. तो ब्रदर होता.

त्याची गोष्ट मी शिबिरात कधीच नीट ऐकली नाही, म्हणून इथे थोडी सांगतो. वसईत जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात येशूसंघीय (जेझुइट) फादरांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, काही वर्षं त्यांच्यासोबत धर्मशिक्षकाचं काम केलं. त्याला त्यांच्या संघात जायचं होतं. ते काही घडलं नाही. मग तो व्यापारात पडला, त्यात त्याचं बरं चाललंही होतं. पुढे मनिलाला संत फ्रान्सिसच्या संघाकडे, म्हणजे फ्रान्सिस्कनांकडे गेला आणि त्यांच्यात ब्रदर म्हणून राहिला. १५९३ मध्ये त्यांच्यातल्या फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर जपानला परतला तो दुभाषा म्हणून. जपानच्या हिदेयोशीसारख्या सत्ताधीशासमोर बोलायचं होतं, आणि पाद्रीबाबांची भाषा त्या दरबाराला कळत नव्हती. वसईच्या ब्रदरची कळत होती. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात तो होता. त्याआधी क्योटोत त्यांचे डावे कान कापले होते आणि भर थंडीत महिनाभर चालवत नागासाकीला नेलं होतं.

मी एकदा त्या सव्वीस जणांची नावं घेऊन बसलो. गुरुदीक्षा झालेले त्यांच्यात तीन. फक्त तीन. बाकी ब्रदर, शिकणारी मुलं, स्वयंपाकी, धर्मशिक्षक, सुतार, पोरंटोरं. १८६२ मध्ये नवव्या पायस यांनी त्यांना संतपद दिलं तेव्हा सगळ्यांना एकत्रच दिलं, वेगवेगळे चौकोन काढले नाहीत.

गोन्सालोच्या गोष्टीत मला धरून ठेवणारी जागा क्रुसाची नाही. ती मधली आहे, व्यापाराची. एका दाराने आत घेतलं नाही, मग काही वर्षं दुसरंच आयुष्य. तेव्हा त्याला काय वाटत असेल हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. मी कारखान्यात पॅनेल उघडून बसलेला असतो तेव्हा मला तो आठवतो. हिशेबाच्या वह्या, गोदाम, बंदरावरची हमाली, आणि डोक्यात मागे कुठेतरी न विझलेली एक गोष्ट.

माझी गोष्ट इतकी मोठी नाही. डिप्लोमानंतर एका ओळखीच्या माणसाने पालघरच्या डोंगराकडच्या भागातल्या एका वसतिगृहात वायरिंग करायला नेलं. दोन दिवसांचं काम, पाच दिवस लागले, कारण भिंतीत उंदरांनी संसार थाटला होता. चाळीसेक वारली मुलं. सांभाळणारे एक ब्रदर. मुलं त्यांना ‘ब्रदरदादा’ म्हणायची. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, पण एकाने काम भागत नसावं.

पहाटे पाचला पंप चालू करायचा. तो चालू होत नाही, मग त्याला दोन शिव्या नि एक लाथ (शिव्या मी घातल्या, लाथ त्यांची). मुलांना उठवायचं, खरजेचं मलम लावायचं, एकाला रोज लावायचं कारण तो रोज पुसतो. शाळेत सोडायचं. भाजी आणायची. संध्याकाळी अभ्यास. रात्री एकाला ताप, त्याच्या उशाशी बसायचं आणि बसल्या बसल्या जपमाळ. रविवारी दुरून फादर आले. मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, झाली, मुलं त्यांच्या पाया पडली, फादर जेवून पुढच्या गावाला गेले. त्यांनाही पुढे तीन गावं होती, कुणाला दोष देत नाही. मिस्सा चालू होती तेव्हा ब्रदर मागच्या बाकावर बसले होते आणि बोटांनी डोकी मोजत होते. अडतीस झाली. दोन कुठे गेली म्हणून हळूच उठले, बाहेर गेले आणि चिंचेच्या झाडावरून दोघांना उतरवून घेऊन आले.

मला वेदीवर उभं राहावंसं कधीही वाटलेलं नाही. मिस्सा मला प्रिय आहे, पण ती मी करावी असं मनात येत नाही. त्या दिवशी मला त्या मागच्या बाकावर बसावंसं वाटलं. एवढंच. कुणाला आकाशवाणी होते, मला डोकी मोजावीशी वाटली.

त्याच्यावर मी लगेच विश्वास ठेवला नाही, आणि माझ्या ब्रदरांनीही ठेवला नाही. दोन वर्षं आम्ही काय करतो, ते इथे सांगतो, कारण पारख म्हणजे देवघरात डोळे मिटून बसणं, असा समज मुलांचा असतो. माझाही होता. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, “फादर होण्याची भीती वाटते म्हणून ब्रदर व्हायचंय का?” म्हणजे तोच अठ्ठ्याहत्तर टक्क्यांचा प्रश्न. पण त्यांनी तो नीट विचारला. भीती कसली? लोकांपुढे बोलायची? अभ्यासाची? दुसऱ्यांची पापं ऐकायची? मी घरी जाऊन महिनाभर स्वतःला तेच विचारत होतो. खरं उत्तर हे, की प्रवचनाची थोडी भीती वाटते. पण ती गेली तरी मला तिथे उभं राहायचं नाही.

दुसऱ्या महिन्यात लग्न. एक स्थळ आलं होतं. स्थळ म्हणजे नुसता फोटो नव्हता, आम्ही चार-पाच वेळा भेटलो होतो, आणि ती मला आवडली होती. ब्रदर म्हणाले, “जी गोष्ट तुला हवी आहे तीच सोडता येते. नको असलेली गोष्ट सोडणं म्हणजे नुसतं टाळणं.” तिचं आता लग्न झालंय. लिहायला सोपं, तेव्हा सोपं नव्हतं. मग कारखाना : साहेबाला कंटाळून तर पळत नाहीस ना? त्याची तपासणी म्हणून त्यांनी मला सांगितलं, साहेब बदलेपर्यंत थांब. साहेब बदलला. नवा चांगला निघाला. तरी ओढ गेली नाही. हे माझ्या मते त्या दोन वर्षांतलं सगळ्यात विनोदी आणि सगळ्यात भक्कम उत्तर.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती यांचा एक नियम ब्रदरांनी मला तोंडपाठ करायला लावला : मन कोरडं पडलं असेल, अंधारलेलं असेल, तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. रात्रपाळी संपवून पहाटे घरी येतो आणि ‘हे सगळं खूळ आहे’ असं वाटतं, तेव्हा त्या नियमाने मला चार-सहा वेळा वाचवलंय. उलट बाजूही त्यांनी सांगितली. मन फार भरून आलं, मांडवात गाणी चालू आहेत, पन्नास मुलं हात वर करून ‘होय प्रभू’ म्हणतायत, तेव्हा लगेच नवस बोलायचा नाही. तुमच्या शिबिराची शेवटची रात्र आठवा, फादर. मेणबत्त्या, कीबोर्ड, रडणारी पोरं, आणि नेमका त्याच वेळी अर्ज. मीच तर दिवे मंद करायचो तुमच्या इशाऱ्यावर. अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी द्या, नाश्त्यानंतर. माझं गणित असं की नाश्त्यानंतरही जो भरेल, त्याचा खरा.

आता आईबाबांशी थोडं. माझ्या आईचं म्हणणं जसंच्या तसं देतो : “जायचंच आहे तर फादर हो. पहिली मिस्सा गावात होईल, मांडव पडेल. मी मेल्यावर माझी मिस्सा तू करशील. ब्रदर होऊन माझ्यासाठी काय करशील?” मला उत्तर देता आलं नाही. तिच्या बोलण्यात गर्व नव्हता, हिशेब होता, आणि तो चुकीचाही नव्हता. मुलगा देतोय तर काहीतरी दिसलं पाहिजे. पहिल्या मिस्सेला ब्रास बँड असतो, गावजेवण असतं, आईच्या गळ्यात हार पडतो. ब्रदरच्या आजीवन व्रतांना बहुधा संघाच्या चॅपलमध्ये तीस खुर्च्या आणि नंतर चहा-समोसा. गावातून एक टेम्पो भरून गेला तर गेला. प्रमुख धर्मगुरूंना माझी विनंती : तो टेम्पो तुम्ही काढा. रविवारच्या सूचनांमध्ये लग्नाच्या ओळी वाचता तशी ब्रदरच्या व्रतांची तारीख वाचा. माझ्या आईसाठी नाही, तिला आता थोडं थोडं कळतंय. पुढच्या कुणाच्या तरी आईसाठी.

बाबांचा प्रश्न वेगळा होता. ते म्हणाले, “सातबाऱ्यावरच्या नावाचं काय?” आपल्याकडे हा प्रश्न खासगीत सगळे विचारतात आणि उघडपणे कुणी नाही. वाडीला बिल्डर दर महिन्याला भाव सांगून जातो, मुलं एक किंवा दोन, आणि त्यातला एक संघात जातोय. जमीन संघाची होणार का? शिबिरात पालकांची सभा असते, तिथे दारिद्र्याच्या व्रताचा महिमा ऐकवतात. त्याऐवजी हे सांगा : पहिली व्रतं घेण्याआधी माणूस आपल्या मालमत्तेचा कारभार स्वतःच्या मर्जीने कुणाकडेही सोपवतो, भावाकडे, बापाकडे, कुणाकडेही. आजीवन व्रतांच्या आधी त्याला देशाच्या कायद्याने चालेल असं मृत्युपत्र करावं लागतं. व्रतं घेतल्यावर त्याने जे कमावलं, म्हणजे पगार वगैरे, ते संघाचं. हे धर्मकायद्यात आहे. माझ्या बाबांना हे कळल्यावर ते त्या रात्री पहिल्यांदा नीट जेवले. माझ्या पाचारणापेक्षा त्यांना सातबाऱ्याची काळजी होती असं कुणी म्हणेल, तर म्हणो. ज्याने आयुष्यभर पाटाच्या पाण्यासाठी भावांशी भांडण केलंय, त्याला ते विचारायचा हक्क आहे.

आणि वेळ. लोकांना वाटतं, गेला म्हणजे गेला. तसं नाही. आधी सोबत राहून बघायचा काळ, प्रत्येक संघाचा वेगळा. मग नोव्हिशिएट, म्हणजे संघातली उमेदवारी, त्याला सतराव्या वर्षाआधी घेता येत नाही आणि ते किमान बारा महिन्यांचं असावं लागतं. नोव्हिस कधीही मोकळेपणाने घरी जाऊ शकतो, आणि संघही त्याला जा म्हणू शकतो. मग काही वर्षांपुरती व्रतं, निदान तीन वर्षं. मुदत संपली की पुन्हा विचार. आजीवन व्रतं एकवीस वर्षांच्या आत नाहीत. लग्नाला आपण साखरपुड्यानंतर सहा महिने देतो, इथे सहा-सात वर्षं मिळतात. आणि कुणाही ख्रिस्ती माणसाला आयुष्याचा मार्ग निवडताना जबरदस्तीपासून मोकळं राहायचा हक्क आहे, हेही त्याच कायद्यात. जबरदस्ती फक्त ‘जा’ अशीच असते असं नाही. ‘फादरच हो’ हीसुद्धा असते, आणि ‘परत येऊ नकोस’ ही सगळ्यात वाईट.

याच्यावर जरा थांबतो. आमच्या आळीत एक जण नोव्हिशिएटमधून परत आला. संघाने काढलं नव्हतं, त्यानेच प्रामाणिकपणे सांगितलं की हे माझं नाही. गावात बातमी अशी पसरली की ‘झगा काढून आला’. जणू काही चोरी करून आला. रोजरीच्या प्रार्थनेला आळीतल्या क्रुसाजवळ तो आला की बायका एकमेकींकडे बघायच्या. वर्षभरात तो नोकरीच्या निमित्ताने आखातात गेला. माझ्या मते त्या मुलाने पारख पूर्ण केली होती, उत्तर ‘नाही’ आलं होतं, आणि ‘नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. सोन्याची पारख करताना पितळ निघालं म्हणून कुणी कसोटीच्या दगडाला नावं ठेवत नाही, आणि पितळेलाही का ठेवावीत, पितळेची भांडी आपल्या आजीने आयुष्यभर वापरली. परत आलेल्यांना शिबिरात बोलवा. दहा मिनिटं बोलू दे. आत जाताना मुलांच्या मनातली निम्मी भीती बाहेर येण्याची असते.

आणि ब्रदरांना बोलवा. ‘पाचारणाचे विविध मार्ग’ असा तासभराचा विषय घेऊन एका फादरांनी सगळ्यांच्या वतीने बोलायचं, असं नको. जगभरात फादर चार लाखांच्या वर, सिस्टर सहा लाखांच्या आसपास आणि ब्रदर पन्नास हजारांच्या आतबाहेर आहेत. एवढे कमी असताना मुलांना ते आपोआप दिसणार नाहीत, दाखवावे लागतील. लांब जायलाही नको. बोरिवलीच्या माउंट पोइन्सरला असिसीकर संत फ्रान्सिसच्या नावाने ब्रदरांचा आख्खा संघ आहे, पाउलस मोरित्झ या जर्मन ब्रदरने १९०१ मध्ये सुरू केलेला. विरार लोकलने तासाच्या आत. मदर तेरेसांच्या ब्रदरांची शाखा १९६३ पासून आहे. आणि ज्या संघांत फादर जास्त, त्यांच्यातही ब्रदर आहेत : सेल्शियन, येशूसंघीय, कॅपुचिन. मुलांना त्यांची कामं सांगा. गोव्यात सैनिक म्हणून आलेला बेंतो द गोइश येशूसंघात ब्रदर झाला आणि १६०२ मध्ये आग्र्याहून निघून लाहोर, काबूल, यार्कंद करत पायवाटेने चीनच्या हद्दीत पोचला, तिथेच १६०७ मध्ये मेला. ज्या देशाला युरोपात कॅथे म्हणायचे तो चीनच, हे त्याने चालून शोधलं. सोळा वर्षांच्या पोराला ही गोष्ट सांगा आणि मग विचारा, टक्के किती.

किंवा आर्तेमिदे झात्ती. इटलीतून अर्जेंटिनात गेलेल्या कुटुंबातला मुलगा. सेल्शियनांकडे गेला तो फादर व्हायला. एका आजारी फादरची सेवा करताना त्यालाच क्षय झाला. वाचला, आणि मग ब्रदर होऊन व्हिएद्मा गावातल्या इस्पितळात जन्मभर राहिला. सायकलवरून रोगी बघत फिरायचा. २०२२ मध्ये त्याला संतपद मिळालं. आमचे आजोबा शेवटच्या आजारात सरकारी इस्पितळात होते तेव्हा रात्रभर “ब्रदर, ओ ब्रदर” म्हणून त्या नर्सला हाका मारत. तो बिचारा चाळीस खाटांमागे एकटा. येईल तेव्हा म्हणायचा, “आलो, बाबा.” झात्तींची गोष्ट वाचली तेव्हा मला त्या शब्दाचा दुसरा अर्थ आणि तिसरा अर्थ एका खाटेशी येऊन उभे राहिलेले दिसले, आणि शब्दाच्या घोळाबद्दलचा माझा राग थोडा कमी झाला.

एका गोष्टीत मात्र तुमची बाजू मला कळते, फादर. धर्मप्रांताला धर्मगुरू हवे आहेत. चर्चेस आहेत, मिस्सा आहेत, मर्तिकं आहेत, आणि सेमिनरीत जाणारी मुलं आता पूर्वीइतकी दिसत नाहीत. घरात मुलगाच एक. अशा वेळी आलेला मुलगा दुसऱ्या कुठल्या संघाच्या ब्रदरांकडे पाठवणं जिवावर येतं. पाचारण रविवारी आपण म्हणतो, ‘पीक फार आहे खरे, पण कामकरी थोडे आहेत.’ मी वाडीवाल्याचा पोर आहे, म्हणून सांगतो. भाताच्या कापणीला विळेवाले कमी पडले म्हणून भारे वाहणाऱ्याच्या हातात विळा दिला की कापणीही धड होत नाही आणि भारेही शेतात भिजतात. प्रभूने कामकरी म्हटलंय. तोच प्रभू एके ठिकाणी असंही म्हणाला की तुम्ही सर्व भाऊ आहात. त्याच्या पुढची ओळ मुद्दामच देत नाही, तुम्हाला पाठ आहे आणि उगाच रागावाल.

माझं काय होईल ते माहीत नाही. जूनमध्ये तीन महिन्यांसाठी संघाच्या घरी राहून बघायचंय. कारखान्याने बिनपगारी रजा द्यायचं कबूल केलंय, नव्या साहेबांच्या कृपेने. कदाचित सप्टेंबरात परत येईन आणि लोकांना सांगेन की हे माझं नव्हतं. तेव्हा क्रुसाजवळ जरा सरकून जागा द्या.

मेच्या शिबिराची तयारी चालू झाली असेल. माइकचा तुमचा जुना मिक्सर आता दुरुस्त होण्यापलीकडे गेलाय, एका चॅनलचा आवाज येतो आणि दुसऱ्याचा येत नाही, हे मागच्या वर्षीच सांगितलं होतं. या वेळी मी स्वतःचा घेऊन येतो. पण अर्ज अजून छापायला दिला नसेल, तर त्यात तिसरा चौकोन टाका. आणि अर्ज वाचायला बसाल तेव्हा, ज्यांनी पहिले दोन भरले त्यांनाही बोलावून विचारा, “ब्रदर का नाही?” एखादा खरंच विचारात पडेल. पडला तर त्याला घाई करू नका, वसतिगृहात पाठवा. पंप अजून तसाच आहे.

आपला,
वायरमन